पाठ फिरवून निघणारे साडू

बाजारात पाठ फिरवून निघून जाण्यात माझ्या थोरल्या साडूंची बरोबरी करील असा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात झाला नसेल. मी वाढवून सांगणारा माणूस नव्हे; नोकरीची एकतीस वर्षं आकड्यांत गेली. तरी हे विधान मी मागं घेणार नाही.

नव्वदच्या दशकात आमची दोन कुटुंबं वर्षाआड सहलीला जायची. सहल म्हणजे साडूंच्या लेखी तिथला बाजार. म्हैसूरचा राजवाडा त्यांनी बाहेरूनच पाहिला, कारण आत काही विकत मिळत नाही हे त्यांना तिकिटाच्या खिडकीवरच कळलं. बाजारात मात्र सकाळी नऊपासून उभे. वस्तू उचलायची, भाव विचारायचा, निम्म्याहून कमी सांगायचा, आणि दुकानदार हसला की वस्तू खाली टाकून, असलं आमच्यात पोत्यावर अंथरतात, असं मोठ्यानं म्हणून चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही, हा नियम. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का तिथंच बसून राहत. पसरलेली वस्तू सावकाश आवरत त्या दुकानदाराला हळू आवाजात सांगत की ते तसलेच आहेत, घरीही असंच करतात, तुम्ही मनावर घेऊ नका. असल्या माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईची कीव येऊन दुकानदार भावात खाली उतरे. एकानं तर त्यांना कॉफी पाजली. सौदा ठरला की अक्का दारातून हाक मारत, ‘ओ, या मागं.’ साडू बहुधा चौथ्या दुकानापाशी सापडत. मी तीन सहलींत मोजलं आहे.

या पद्धतीत एक गळती होती. हैदराबादला एका चादरीपायी अक्कांना वेळ लागला आणि साडू एका चाळण्यांच्या दुकानापुढं चाळीस मिनिटं उभे राहिले. शेवटी लाजेकाजेस्तव त्यांनी तीन चाळण्या सांगितल्या भावाला घेतल्या. चादरीवर साठ रुपये वाचले, चाळण्यांना पंच्याहत्तर गेले. मी हे लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, ‘पावणं, तुमचा हिशेब बरोबर हाय. बाजार तेवढा कळत न्हाय.’

पुढं पुण्यात मॉल निघाले. अक्कांच्या हौसेखातर साडू एकदा आत आले आणि बनियनच्या जोडीचा शेवटचा भाव विचारला. काउंटरवरच्या मुलीनं किमतीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. साडू नियमाप्रमाणं निघाले. मुलीनं बनियन जागेवर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. अक्कांना बोलायला समोर कुणी उरलंच नाही. हे दुकान नव्हे, दवाखाना आहे, असा निकाल देऊन साडूंनी तो विषय संपवला.

पुढच्या वर्षी अक्का गेल्या. अकरा दिवसांचं आजारपण.

त्यानंतर सात महिन्यांनी त्यांच्या मुलीचं डोहाळेजेवण बंगलोरला होतं. साडू, मी आणि माझी बायको असे तिघे गेलो. मुलीनं पहिल्याच दिवशी बापाला धरलं. कोल्हापुरात एकटे राहता, साधा बाजार तरी जमतो का, इथंच राहा. साडूंना बंगलोर नको होतं. माहेरची हिरवी साडी आईनं आणायची असते. ती मी उद्या चिकपेठेतून आणतो, मग बोलू, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिकपेठेत त्यांनी गर्द हिरवी साडी अचूक निवडली, निम्मा भाव सांगितला, साडी टाकली आणि निघाले. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. आता बोलायचं काम माझं आहे, हे मला कळत होतं. मी किनार पाहिली. भाव रास्त वाटला, आणि तसं मी हिंदीत सांगून टाकलं. मग तो कशाला खाली उतरेल?

साडू चौथ्या दुकानापाशी बादल्यांकडं तोंड करून उभे होते.

‘काय म्हणाला?’ त्यांनी न वळता विचारलं.

‘काही नाही. साडी फळीवर ठेवली.’

‘आनि तुम्ही?’

‘मी म्हटलं, भाव रास्त आहे.’

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘रास्तच हाय की त्यो.’

हे त्यांनी अक्कांसमोर जन्मात कबूल केलं नसतं. आणखी तीन दुकानं झाली. शेवटच्या दुकानातून निघताना ते उंबऱ्यापाशी थांबले आणि त्यांनी मागं वळून पाहिलं. गादीवर मी एकटाच बसलो होतो.

तिथून ते मला स्वतःहून एका पाचमजली मॉलमध्ये घेऊन गेले. हिरवी साडी उचलली, चिठ्ठी वाचली, रांगेत उभे राहिले आणि छापील किंमत मोजून दिली. भाव नाही केला का, असं मी बाहेर आल्यावर विचारलं.

‘पावणं, हितं एकट्याचं भागतंय,’ ते म्हणाले.

कार्यक्रमात मुलीनं साडीवरून हात फिरवला आणि केवढ्याला पडली ते विचारलं. साडूंनी निम्म्याहून कमी आकडा सांगितला. मुलगी माझ्याकडं वळली. ‘खरं का हो, काका?’

बिल माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. ‘माझ्यासमोर भांडून घेतली,’ मी म्हटलं.

माझ्या बायकोला रेशमाचे भाव कळतात. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पातेलं उचलून आत गेली.

‘मग राहा तुम्ही कोल्हापुरातच,’ मुलगी बापाला म्हणाली. साडूंनी मान हलवली आणि भात मागून घेतला.

बायको बहिणीच्या लेकीपाशी थांबली. आम्ही दोघेच परतलो. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर साडूंनी चहा सांगितला. तो संपल्यावर आणखी एक सांगितला. कुणाची तब्येत, कुठला ऊस, असं काहीबाही बोलत राहिले. त्यांचं घर तिथून वीस मिनिटांवर आहे. तिकडं जायला त्यांना उठवत नव्हतं, आणि चला म्हणणं मलाही जमेना. मी तिसरा चहा सांगितला.