हिरवा हातमोजा

टीव्ही मालिकेतल्या डॉटीला नवऱ्याच्या गाडीत परक्या बाईचा हिरवा हातमोजा सापडला आणि प्रेक्षकांत बसलेली व्हर्ना प्रुइट ताठ झाली. मालिका तिचा नवरा लेलंड लिहायचा. आज चित्रीकरणाला त्यानं तिला आणि शेजारच्या आयडाला हौसेनं बरबँकच्या स्टुडिओत आणलं होतं.

डॉटी तरातरा हॉटेलात गेली आणि नवऱ्यासमोर बसलेल्या बाईच्या डोक्यावर तिनं सूप ओतलं. ती बाई निघाली पियानो विकणारी! पियानो डॉटीच्याच वाढदिवसासाठी. लोक पोट धरधरून हसले.

"कसली संशयी बया गं!" आयडानं डोळे पुसले. "एवढा देवमाणूस नवरा मिळालाय, तर..."

व्हर्नाची कानशिलं तापली. हातमोजा, सूप, पियानो, सगळं गेल्या हिवाळ्यात तिच्याच संसारात घडलेलं. गाळलं होतं ते एवढंच, की त्याच्या आदल्या वर्षी लेलंड ऑफिसातल्या टायपिस्टबरोबर खरोखरच पकडला गेला होता आणि स्वयंपाकघरात गुडघे टेकून रडला होता.

बाहेर गाडीपाशी तो हसतच आला. "काय, जमलंय ना?"

"माझं रडणं विकलंस तू!"

"अगं, नाव कुठं घातलंय तुझं?"

"मग टायपिस्ट का नाही घातलीस? मला संशय का आला, ते का नाही लिहिलंस?"

लेलंडनं आयडाकडे चोरून पाहिलं. "हळू बोल ना. त्यात हसू कुठं येणार लोकांना?"

"मला तरी कुठं आलं होतं? आण त्या किल्ल्या!"

तिनं किल्ल्या हिसकावल्या, आयडाला गाडीत बसवलं आणि त्याला तिथंच सोडून निघाली. दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं तिनं वाटेत आयडाला सांगून टाकलं. घरापाशी उतरताना आयडानं तिचा हात धरला. मग म्हणाली, "मगाशी मी हसले त्याचं मनावर घेऊ नकोस, बाई."

लेलंड बसनं घरी आला. माफी मागायला लागला, तशी व्हर्ना म्हणाली, "मागच्या वेळचीच माफी अजून द्यायची शिल्लक आहे. यापुढं या घरातलं अक्षरही त्या मालिकेत जाता कामा नये."

त्यानं ते पाळलं. डॉटीची भांडणं मात्र मिळमिळीत होत गेली आणि पुढच्या वर्षी निर्मात्यानं दुसरा लेखक आणला. लेलंड काऊबॉयच्या मालिका लिहू लागला. व्हर्नाला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.