टिया एर्माचं करलीचं कालवण

आमच्या गल्लीत पाककृती पूर्ण कोणी देत नाही. कोणी मागितली तर नाही म्हणायचं नाही, ते वाईट दिसतं. पण सांगताना एक वस्तू राखून ठेवायची. हे देणारीला ठाऊक असतं, घेणारीलाही ठाऊक असतं, आणि त्याबद्दल विचारायचं नसतं. घेणारी घरी जाऊन डोकं लढवते, आपल्या मनाने एखादी वस्तू वाढवते, आणि पुढे कोणाला सांगायची वेळ आली की स्वतःचं एक राखते. आमचे पूर्वज पोर्तुगालहून मलाक्काला आले असं आम्ही अभिमानाने सांगतो. ते काय खात होते हे आता देवालाच माहीत, कारण तेव्हापासून प्रत्येक बाईने एकेक वस्तू राखलेली आहे.

एर्मेलिंडा थेसेरा तेवढी या रिवाजात बसत नव्हती. तिला सगळे टिया एर्मा म्हणतात. टिया म्हणजे मावशी. आमच्याकडे केस पिकले की बाई सगळ्या गल्लीची टिया होते. तिचं करली माशाचं आंबट कालवण खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी काही ना काही निमित्त काढून पुन्हा तिच्या दारात यायचा. तिला कोणी विचारलं तर ती मासे धुता धुता सगळं सांगून टाकायची. करलीला दोन्ही अंगांनी जवळजवळ चिरा द्यायच्या, म्हणजे बारीक काटे तुटतात. छोटे कांदे, हळद, लाल मिरच्या, गवती चहाचा पांढरा भाग आणि वाळल्या जवळ्याचा गोळा नखाएवढा, हे पाट्यावर वाटायचं. तेल सुटेस्तोवर परतायचं. मग चिंचेचं पाणी, नारळाचं पातळ दूध, बिलिंबीची आंबट फळं अख्खीच आणि शेवटी मासा. झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं.

"एवढंच?" आम्ही विचारायचो.

"एवढंच गं. मारियेची शपथ."

कोण विश्वास ठेवणार? तिने सांगितलं तसं आम्ही केलंच नाही कधी. राखलेली वस्तू शोधत बसलो. शेजारच्या सिसिलीने मोहरी घातली, मी दोन लवंगा घातल्या, कोपऱ्यावरच्या घरात तर सुकी आमसुलं पडायची. कोणाचंच कालवण तिच्यासारखं झालं नाही. म्हणजे ती राखते हे सिद्धच झालं. एवढा भोळा चेहरा घेऊन राखते, तेव्हा तिच्याइतकी आतल्या गाठीची बाई गल्लीत दुसरी नाही, असं आमचं ठरलं होतं. तिला हे लागायचं. तिचा नवरा सेवेरिन पायरीवर जाळं सांधत बसलेला असायचा, तो हसायचा आणि म्हणायचा, "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही काय राखणार?" त्यावर ती त्याच्या अंगावर पाणी उडवायची.

सेवेरिन जवळा धरायचा. कमरेएवढ्या पाण्यात जाळं पुढे ढकलत चालायचं, असं ते काम. त्याच्या जोडीला इनास. इनास हा एर्माच्या मुलाचा, रेजीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, त्यामुळे त्याच्यासाठी एर्मा म्हणजे 'कुमाद्री'. सेवेरिन समुद्रावरून आला की चिखलाच्या पायांनी आधी चुलीपाशी जायचा आणि झाकण उचलून वास घ्यायचा. मागच्या मोरीवरून एर्मा ओरडायची, "हात धू आधी!" हे मी माझ्या खिडकीतून रोज ऐकलेलं आहे. इतकं रोजचं की नंतर ऐकू येईना तेव्हा मला घरात चुकल्यासारखं व्हायचं.

तो पाण्यातच गेला. बुडाला नाही, जाळं ढकलता ढकलता छाती धरून पाण्यात बसला आणि इनासने उचलेपर्यंत संपला. त्याला दारात आणलं तेव्हा एर्मा तांदूळ निवडत होती. तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, त्याच्या पायांकडे बघितलं आणि त्याच्या चपला किनाऱ्यावर राहिल्या आहेत, कोणीतरी आणा, म्हणाली. मग पुन्हा सूप मांडीवर घेतलं. आम्ही बायका तिच्याभोवती रडत होतो आणि ती खडे काढत होती.

ती रडली नाही. मातीच्या वेळी नाही, प्रार्थनेच्या वेळी नाही. पहिले काही दिवस अशा घरात चूल पेटत नाही, शेजारी भांडी पोचवतात. आम्हीही पोचवली, आणि प्रेमापोटी जिने तिने एर्माचंच कालवण केलं. मोहरीचं, लवंगांचं, आमसुलांचं. तिने सगळं खाल्लं. सगळ्यांना म्हणाली, चांगलं आहे. एकदा माझ्या हातून मीठ दोनदा पडलं. मी धावत परत घ्यायला गेले तर तिने ताटली पुसून घेतली होती. खारट नाही लागलं का, विचारलं तर म्हणाली, "लागलं असेल."

मला तिचा राग आला. दुःख झालं तर माणसाने रडावं, भांडावं, देवाला चार शिव्या द्याव्यात. ही कोंबड्यांना दाणे घालायची, अंगण झाडायची, रेडिओ लावायची, आणि विचारलं की "बरं आहे". घरात कोणीच नसल्यासारखं वाटायचं, आणि ती तर समोर बसलेली असायची.

तिने एकदाच स्वतः चूल पेटवली आणि कालवण केलं. मी तिथे होते. तीच करली, तोच पाटा. तिने चमचाभर तोंडात घेतलं, गिळलं, आणि भांडं उचलून मागे मांजरांना ओतून आली.

"क्लोटी," ती मला म्हणाली, "तो गेला आणि माझ्या हाताची चवही घेऊन गेला. जिभेचीपण. लाकूड चावल्यासारखं लागतंय." हे ती बाजारात भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली. त्यानंतर तिने कालवणाचं नाव काढलं नाही.

पण वर्षाची मिस्सा, म्हणजे गेलेल्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, जवळ आली. थेसेरांच्या घरात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण त्याच्याच चुलीवर शिजतं आणि पहिलं ताट त्याच्या खुर्चीपुढे ठेवतात. चव चुकली तर तो ताटावरून उपाशी उठतो, आणि मग परत येत नाही, असं एर्माची सासू सांगायची. एर्माने ते धरून ठेवलं होतं. वर्षभरात तिला कशाची भीती वाटली असेल तर एवढीच.

रेजी सिंगापूरहून बायकोला घेऊन आला. सुइ येन ही इपोहची चिनी मुलगी, कारखान्यात मोजमाप तपासण्याची नोकरी करणारी. सासूचा हात चालत नाही हे बघून ती म्हणाली, "माय, तुम्ही सांगा, मी करते." एर्माने सांगितलं. सासूने नखाएवढा म्हटलं तर पोरीने तिचा अंगठा धरून नख बघितलं आणि तेवढाच गोळा कापला. बाकी एक पान इकडचं तिकडे केलं नाही. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघून हसत होत्या. हिला कोणी रिवाज सांगितला नाही वाटतं, सिसिली म्हणाली, ही ऐकलं तसंच करतेय.

मिस्सेहून सगळे परत आले आणि अंगणात बाकांवर बसले. स्वयंपाकघरात एर्मा, सून आणि मी. एर्माने चमचा तोंडात घेतला. मग पुन्हा एकदा चमचा बुडवून चाखलं.

"माय, चुकलं का?" सुइ येनने विचारलं.

"नाही. मी करते अगदी तसंच झालंय," एर्मा म्हणाली. "आणि हे ते नाही."

सुनेला काही कळेना. मला मात्र कळलं. तिची जीभ मेलेली नव्हती. तिचा हातही गेला नव्हता. सांगितल्याप्रमाणे केलं तर हे असंच होतं. मग इतकी वर्षं आम्ही जे चाटूनपुसून खाल्लं ते काय होतं?

तेवढ्यात सेवेरिनचं ताट न्यायला इनास आत आला. त्याने आमची तोंडं बघितली, भांड्यात बोट बुडवून चाखलं आणि मान खाली घातली.

"कुमाद्री, थांब जरा. ताट भरू नको," तो म्हणाला आणि मागच्या दाराने गेला. परत आला तेव्हा हातात एक छोटी बाटली होती, औषधाची असते तेवढी. "दर वर्षी आम्ही दोघं हे माझ्या परसात मुरत घालायचो. या वर्षी मी एकट्यानेच घातलं. तो रोज खिशातून आणायचा. झाकण उचललं की अर्धा चमचा कालवणात."

"कशाला?" एर्माने विचारलं.

"तू सगळ्या गल्लीला सगळं सांगून बसतेस. तो म्हणायचा, घरात एकाने तरी एक वस्तू राखायला हवी, नाहीतर थेसेरांच्या चुलीला मान काय राहिला? मला शपथ घातली होती त्याने. पण आज त्याला उपाशी कसं उठवू?"

त्या बाटलीत काय होतं ते मी बघितलं आणि वास घेतल्यावर ओळखलंही. ते इथे सांगणार नाही. मीही याच गल्लीतली आहे.

एर्माने अर्धा चमचा घातला, ढवळलं, चाखलं. मग ती चुलीपुढे जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मेल्या, मला वाटायचं माझ्या हाताला चव आहे." तिने तोंडात पदर कोंबावा तसा एप्रन कोंबला आणि रडली. वर्षाचं सगळं रडली. सुइ येनने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि इनास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला हायसं वाटलं, आणि मग मीही रडले.

पहिलं ताट खुर्चीपुढे गेलं. मग आम्ही सगळ्यांना वाढलं. अंगणात पहिला घास गेला आणि बोलणं थांबलं. सिसिली ताट घेऊन थेट एर्मापुढे आली.

"एर्मा, आज तरी खरं सांग. काय घातलंस यात?"

एर्माचे डोळे लाल होते. ती बाटली तिच्या एप्रनच्या खिशात होती, तिने त्यावर हात दाबून धरलेला मला दिसत होता.

"काही नाही गं," ती म्हणाली. "तुला सांगितलंय ना, तेवढंच."

सिसिलीने तिच्या रडलेल्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली. इतक्या वर्षांत तिने एर्मावर पहिल्यांदाच विश्वास ठेवला.