मस्कतचा नकाशा

डिंडोलीत आमच्या शेजारचे टेम्पोवाले काका प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर ना?" विचारायचे आणि उत्तरासाठी कधी थांबायचे नाहीत. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे पोचवताना त्यांना पाट्या लागत नसत. साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की चलथाण आलं, एवढं त्यांना पुरायचं.

मस्कतला ड्रायव्हरची नोकरी लागली तेव्हा नकाशा निवडायला त्यांनी मला नेलं, कारण आमच्या गल्लीत कॉलेजात जाणारा मी एकटाच होतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन नकाशे निघाले. मी मोठ्या अक्षरांचा, गुळगुळीत कागदाचा पसंत केला. काकांनी दोन्हींची साडीसारखी घडी घालून पाहिली.

"हा घडीवर फाटेल. रस्ता तिथंच तुटला तर मी कुठं जाऊ, बराबर ना?" म्हणत त्यांनी दुसरा घेतला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "भाऊ, गावांची नावं मराठीत लिखून दे."

नकाशा इंग्रजीत होता. काही नावांचे उच्चार मला येत नव्हते, पण तसं सांगायची लाज वाटली. दोन नावं मी अंदाजानं लिहिली. तिसऱ्याला पेन अडलेलं काकांनी पाहिलं.

"येत नसेल तर कोरं ठेव. कोरं दिसलं तर मी कोणाला तरी विचारीन. चुकीचं लिखलं तर विचारणार नाही, सरळ जात राहीन. बराबर ना?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले. मी "हो" म्हणालो आणि आधीची दोन नावं खोडली.