पिरेत फसली तो दिवस

पिरेत उइबो मूळची हिउमा बेटावरची. ती शाळेत असताना एका वसंतात एस्टोनियातल्या बँकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या वेबसाइट परदेशातून झालेल्या सायबर हल्ल्यानं ठप्प झाल्या. हे थांबवतं तरी कोण, हा प्रश्न तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला. त्याच्यापायी ती राजधानी तालिनला आली, तिथल्या विद्यापीठात शिकली आणि पीएचडीला लागली. संगणकानं हुबेहूब उचललेला माणसाचा आवाज ओळखायचा कसा, हा तिचा विषय.

प्रबंध संपत आला होता, तेव्हा तिचे मार्गदर्शक हेइनो लाउर यांचा फोन आला. "पिरेत, मी रीगाला अडकलोय. प्रयोगशाळेच्या सर्व्हरचा पासवर्ड सांग बरं पटकन." तोच घोगरा आवाज, तीच मध्येच खाकरायची सवय. तिनं सांगून टाकला.

जरा वेळानं हेइनो कॉफीचा कप घेऊन प्रयोगशाळेत आले.

"तुम्ही रीगाहून कधी आलात?"

"मी कशाला जातोय रीगाला?"

फोनवरचा तो आवाज संगणकानं उचललेला होता, हे पिरेतच्या लक्षात आलं. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं, पण सगळं तोंडातून बाहेर पडलंच. हेइनोंनी धावत जाऊन सर्व्हर बंद केला. थोड्या जुन्या नोंदी गेल्या, बाकी सारं वाचलं.

"मी प्रबंध मागे घेते," ती रडवेली होऊन म्हणाली. "माझ्याच विषयात तोंडघशी पडले."

"वेडी आहेस का? तू लगेच बोललीस म्हणून वाचलो आपण. लोक लाजेपायी गप्प राहतात, खरं नुकसान तिथं होतं. हेच लिही की!"

तिनं त्यावर प्रबंधात एक नवं प्रकरण लिहिलं. जाहीर परीक्षेत फिनलंडहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलंच, "तुम्ही स्वतः कधी फसलात?"

"फसले. इथल्याच प्रयोगशाळेत." तिनं घडलेलं सगळं सांगितलं.

"मीही फसलेय," बाई हसल्या. "फक्त सांगायला मला फार उशीर झाला."

नंतर केक कापताना आई कुजबुजली, "फसल्याबद्दल डॉक्टर करतात होय गं? मग आपलं अर्धं बेट डॉक्टर होईल!"

आता पिरेत त्याच विद्यापीठात शिकवते. फसलेल्यांसाठी तिनं फोनवरचा मदतकक्ष काढलाय. फोन उचलणाऱ्याला एकच ताकीद: ओरडायचं नाही. निवृत्त हेइनोंना ती दर नाताळाला बेटावरचे धुरी दिलेले मासे पाठवते.

"ते त्या दिवशी एक शब्द जरी टाकून बोलले असते," ती वर्गात मोकळेपणानं सांगते, "तर मी बेटाकडची बोट धरली असती."