तुळजामामांचा कडक पाव

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे दहा. हजर: तुळजामामा, त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आई (वय ब्याऐंशी, दात चार), आणि मी. गैरहजर: समजूतदार माणूस.

मामांनी ओव्हनमधून लोखंडी भांडं काढलं, झाकण उघडलं आणि काळपट-तांबूस पावाजवळ कान नेला. पापनाशमच्या भातगिरणीत त्यांनी तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली होती. बिघाड त्यांना कानानेच कळायचा. पाव बोटाने ठोकून म्हणाले, "पोकळ वाजतोय. भाजला."

पाव इटलीचा, पण इटलीला ते कधी गेले नव्हते. फोनवर तिथल्या खेड्यातला एक म्हातारा पाव भाजताना पाहिला आणि त्याला सख्खा शेजारी करून टाकलं. "तोही माझ्यासारखाच गं. घरचे ओरडतात, हा पीठ मळतो." पीठ मात्र इथलं: गहू, नाचणी आणि कंबू, म्हणजे बाजरी. कारण एकच. आईची शुगर वाढली होती आणि डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला होता. तंजावरात जन्मलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे श्वास एक दिवसाआड घ्या म्हणण्यासारखं.

इटलीवाल्याचं खमीर फुगायला रात्रभर घ्यायचं. आमच्या उकाड्यात ते तीन तासांत बरणीबाहेर. एकदा वरच्या फळीवरून ओघळत खाली देवांपर्यंत पोचलं. मी फडकं शोधत होते. मामा म्हणाले, "राहू दे, नमस्कार करून येतंय."

तर त्या रविवारी आईने पावाचा तुकडा घेतला, दाबून पाहिला, उठून आत गेली आणि इडलीपात्रात वाफवायला ठेवला.

"अक्का! ते कवच यायला दोन दिवस लागलेत!"

"जायला दोन मिनिटं लागतात रे तुळजा. बस."

"इडलीच खायची तर मी कशाला मरतोय इथे?"

"तेच विचारते मी."

मामा तरातरा निघून गेले ते पाच आठवडे फिरकले नाहीत. आई पुन्हा भातावर. मग तिच्या पायाला जखम झाली, ती भरेना. डॉक्टर माझ्यावर ओरडले, मी मामांना फोन केला. ते पाव घेऊनच आले. त्यांनी स्वतःच्या हाताने इडलीपात्र गॅसवर ठेवलं, मऊ तुकडे रसमात बुडवून आईपुढे सरकवले. "सरि, चालेल," मला म्हणाले, "इटलीवाल्याला सांगू नकोस."

जखम भरली. पुढे दर रविवारी पाव, दर रविवारी वाफ, दर रविवारी भांडण.

मागच्या मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मामा झोपेतच गेले. तेव्हापासून पाव मी करते. प्रमाणं सगळी वहीत उतरवून घेतली होती, तरी माझा पाव मऊच निघतो. आईने पहिला तुकडा दाबला आणि परत ताटात टाकला.

"वाफवू का?" मी विचारलं.

"याला काय वाफवायचं? हा आधीच शरण आलाय. भात वाढ."

शुगर परत चढते आहे. आजची यादी: गहू दळून आणणे, झालं. कंबू आणि नाचणी, झालं. ओव्हनची वायर बदलणे, झालं. आईला एक तुकडा खायला लावणे.