शंका आली की रिकामी जागा

इथे परदेशात, ब्लॅकटाउनमध्ये मी लोकांचे कान तपासते. स्वभाव मुळात उतावीळ, आणि त्या दिवशी आले शंभरीला टेकलेले एक आजोबा. सोबत सत्तरीची लेक. ती दारातच म्हणाली, "स्मोक अलार्म ऐकू येत नसेल, तर आजच वृद्धाश्रमाचा फॉर्म भरते. घरी एकटं नाही ठेवू शकत."

हेडफोन लावून त्यांना सांगितलं, बारीकसा आवाज आला तरी बटण दाबा. पण आजोबा बटण दाबतील तर शपथ! उजव्या कानाचा आलेख तळाला गेला. डावाही तसाच असणार म्हणून मी त्याचे आकडे अंदाजाने भरूनही टाकले. हेडफोन काढताना त्यांच्या पाठीमागे मराठीत पुटपुटले, "सुटलं बिचाऱ्यांचं घर."

"कळलं नाही, दोस्त," ते न वळता म्हणाले. "पण तीन शब्द होते, आणि बातमी वाईट आहे."

मी थक्क झाले. "मग बटण का नाही दाबलं?"

"खात्री नव्हती."

युद्धात ते वाळवंटात होते. ट्रकमध्ये बसून शत्रूचे वायरलेस संदेश चोरून ऐकायचे, तारायंत्राची कट्ट-कड ऐकून एकेक अक्षर लिहायचे. सगळं सांकेतिक. अर्थ लावणारे वेगळे. वाळूच्या वादळातल्या खरखरीतूनही, नुसत्या ठोक्यांच्या लयीवरून पलीकडचा माणूस ते ओळखत. आणि एकच नियम होता: शंका आली की रिकामी जागा सोडायची.

"एकदाच एक अक्षर अंदाजाने लिहिलं," ते म्हणाले. "साहेबाने नंतर सांगितलं, आमच्या गाड्या भलत्याच वाटेने गेल्या. परत आल्या नाहीत."

ऐंशी वर्षं हा माणूस तो नियम पाळतोय! आणि मी? गुपचूप डाव्या कानाचे आकडे पुसले.

"इथे चुकलात तर कुणी मरणार नाही," मी म्हणाले. "थोडी शंका असली तरी दाबा."

दोन्ही कान पुन्हा तपासले. ते बटण दाबत गेले आणि आलेख भराभर वर सरकला. "आता शेवटचा, अलार्मचा सूर," मी म्हणाले. लेक पुढे सरकली. तिलाही वडील घरीच राहायला हवे होते, हे मला तेव्हा दिसलं.

त्यांनी बराच वेळ कान दिला. मग बटण टेबलावर ठेवलं.

"दाबा ना, डॅड!"

"नाही. यावर घर ठरणार आहे. इथे अंदाज चालायचा नाही."

मी ती जागा रिकामी सोडली. लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. मग फॉर्म घडी करून तिने पर्समध्ये टाकला आणि डोळे पुसत मला विचारलं, "आवाजाऐवजी दिवा लागणारा अलार्म मिळतो ना?"