मुलाणी मॅडमची मरळ

आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात माशांच्या बरण्या मावत नाहीत आणि स्टाफरूममध्ये किस्से. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. माझे बहुतेक किस्से मुलाणी मॅडमचे आहेत, कारण त्या माझ्यानंतर लागल्या आणि तेव्हापासून मी त्यांच्यावर जळते. आता आडपडदा कशाला!

*

आम्ही दोघी मरळ माशाचा अभ्यास करायचो. महिन्यातून एकदा रेल्वेने जेऊर, तिथून रिक्षाने धरणाच्या पाण्यापर्यंत. पहिल्याच दिवशी मी भीमाप्पा नावाच्या म्हाताऱ्या कोळ्यापुढे छापील प्रश्नावली धरली. सगळ्या प्रश्नांना त्यांचं एकच उत्तर, "व्हय."

मुलाणी मॅडम मात्र जाळ्यातली मासळी सोडवायला त्यांच्या शेजारी बसल्या. तासाभरात भीमाप्पा त्यांना सांगत होते, "मोठी घावत्यात, बारकी निसटत्यात. मग पिल्लं कुनाची व्हनार? बारक्यांचीच की."

माझ्या प्रबंधाची आख्खी प्रस्तावना एका दमात! आणि सांगितली कुणाला?

*

वीतभर मरळीच्या पोटात अंडी आधी मला दिसली होती. एवढ्या लहान वयात अंडी धरत नाहीत, म्हणून मी वहीत 'नोंदीत चूक' असं लिहून मोकळी झाले.

पुढच्या महिन्यात तशीच मरळ मुलाणी मॅडमनी चिरली. त्यांनी लिहिलं, 'लवकर वयात येणाऱ्यांचीच पिल्लं मागे उरतायत का?' त्यांना परिषदेत बोलायला बोलावलं. स्लाइडवर त्यांनी माझं नाव पहिलं टाकलं होतं. त्याचा तर मला जास्तच राग आला.

*

हेच वर्गात शिकवताना त्यांनी दारात आडवी काठी धरली. काठीखालून जाईल तो सुटला, डोकं लागेल तो जाळ्यात. उरलेला वर्ग बुटका! पोरं खूश, प्रिन्सिपॉल खूश.

दुसऱ्या दिवशी मीही काठी धरली. सगळा वर्ग वाकून बाहेर गेला. शेवटची पोरगी म्हणाली, "मॅडम, मासे वाकत नसतात हे आधी सांगायचं ना."

*

मग मुलाणी मॅडमनी कोळ्यांची बैठक घेतली. एकदम मोठी मरळ घावली तर परत सोडा, तिची पिल्लंही मोठी होतील, असं त्यांनी समजावलं. सगळे हसले. कोण सोडतंय? भीमाप्पा तेवढे हसले नाहीत. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

*

त्यानंतरच्या खेपेला मुलाणी मॅडम आजारी होत्या. मी एकटीच गेले. भीमाप्पा काठावर टपात पाणी घालून बसले होते. टपात मरळ होती, माझ्या हाताएवढी लांब. इतक्या वर्षांत तेवढी मी पाहिली नव्हती.

"मुलाणी मॅडम न्हाईत व्हय?" त्यांनी माझ्या मागे बघत विचारलं. त्या येणार म्हणून सकाळपासून मरळ जिवंत ठेवली होती. मी मोजपट्टी लावायला वाकले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लई येळ झाला तिला."

टप उचलून ते गुडघाभर पाण्यात गेले आणि मरळ सोडली. ती क्षणभर तिथंच थांबली, मग खाली गेली. भीमाप्पा वळले. "मॅडमना एवढं सांगा. सोडली म्हनावं."

परतीच्या गाडीत मुलाणी मॅडमचा फोन आला. आवाज बसला होता. काय मिळालं आज, त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "काही विशेष नाही. नेहमीचीच बारकी."